बारा स्वप्नें आणि एक खटला

‘स्पिरिट’ या अमेरिकन रॉक वाद्यमेळ्याचें नांव आज ज्यांना ठाऊक आहे, त्यांपैकीं बहुतेकांना तें एका खटल्यामुळें ठाऊक झालेलें आहे. ‘लेड झेपलिन’ या जगद्विख्यात इंग्रज मंडळीचें ‘स्टेअरवे टु हेवन’ हें १९७१ सालचें गाणें ‘स्पिरिट’च्या ‘टॉरस’ या १९६८ सालच्या वाद्यरचनेवरून उचललेलें आहे, असा दावा २०१४ सालीं अमेरिकेंत दाखल झाला. २०१६ सालीं लॉस एंजेलिस येथील ज्यूरीनें तो फेटाळला. २०१८ सालीं अपील कोर्टानें फेरसुनावणीचा हुकूम दिला. २०२० च्या मार्चमध्यें त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठानें पहिलाच निकाल कायम केला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें या प्रकरणांत हात घालण्याचें नाकारलें. ज्यानें ‘टॉरस’ रचलें तो गृहस्थ १९९७ सालींच वारला होता. त्यामुळें या सहा वर्षांच्या झुंजीशीं त्याचा संबंध नांवापुरताच उरला होता.

आमच्या मतें निकाल अन्यायाचा नव्हता. मंद्राकडे पायरीपायरीनें उतरत जाणारी ती स्वरमालिका पाश्चात्य संगीतांत तीन-चारशें वर्षें वावरत आहे. ती कोणा एकाची वडिलोपार्जित जमीन नव्हे. परंतु खटल्यांतील एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. ‘टॉरस’ची नोंद अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याखालीं झालेली होती, आणि त्या कायद्याप्रमाणें संरक्षण मिळतें तें कचेरींत दाखल केलेल्या स्वरलेखनाला, तबकडीवरील नादाला नव्हे. म्हणून दोन रचना ताडून पाहतांना ज्यूरीपुढें आली ती एका कागदावरची टिपणें. प्रत्यक्ष तबकडी त्या तुलनेंत आलीच नाहीं. पंडित भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’ंतील छापील बंदीश पुढें ठेवून एखाद्या गवयाच्या गायकीचा निवाडा करावा, त्यांतलाच हा प्रकार. कायद्याला तसें करणें भागच होतें. पण ज्या मंडळीचें सारें सत्त्व कागदावर न उतरणाऱ्या गोष्टींत होतें, तिचें मोजमाप शेवटीं कागदानें व्हावें, हा योग चमत्कारिक खरा.

कारण ‘स्पिरिट’ची अडचण पहिल्यापासून हीच होती. दुकानदाराला बरणीवर चिठ्ठी डकवावी लागते. तबकड्यांच्या दुकानांतही ब्लूज, जाझ, लोकगीत, रॉक असे कप्पे असतात, आणि गिऱ्हाईक कप्पा पाहून हात घालतें. ‘स्पिरिट’ची तबकडी कोणत्या कप्प्यांत ठेवावी हें विकणाऱ्याला कळलें नाहीं, आणि म्हणून घेणाऱ्यालाही सांगतां आलें नाहीं. एका गाण्यांत हे लोक रस्त्यावरच्या पोरांसारखा दंगा करतात; दुसऱ्यांत तंतुवाद्यांच्या मंद लाटांवर एकटी गिटार सोडून देतात; तिसऱ्यांत जाझच्या मैफलींत बसल्याप्रमाणें दहा-दहा मिनिटें आळीपाळीनें वाजवितात. हें वैविध्य म्हणजे अनिश्चितपणा होय, यांना स्वतःचा असा सूरच सांपडला नाहीं, असा आक्षेप घेणारे घेतात. आमचें म्हणणें याच्या उलट आहे, आणि तें मांडण्याकरितांच हा लेख.

या वैविध्याचें मूळ शोधूं गेल्यास तें कोणत्याही धोरणांत न सांपडतां एका घरांत सांपडतें. रँडी वुल्फ हा मुलगा १९५१ सालीं लॉस एंजेलिसमध्यें जन्मला. त्याचा मामा एड पर्ल यानें १९५८ सालीं त्याच शहरांत ‘अ‍ॅश ग्रोव्ह’ नांवाचें लोकसंगीताचें गायनगृह काढलें होतें. लाइटनिन् हॉपकिन्ससारखे दक्षिणेकडील जुने कृष्णवर्णीय ब्लूज-गायक तेथें येऊन गात. पोरवयांत रँडीला संगीताची शाळा मिळाली ती ही. पुढें त्याच्या आईनें एड कॅसिडी या ड्रमवादकाशीं लग्न केलें. कॅसिडीचा जन्म १९२३ चा; जेरी मलिगन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली, आर्ट पेपर यांच्यासारख्या नामांकित जाझवादकांना साथ करून तयार झालेला हा हात. १९६६ च्या उन्हाळ्यांत हें कुटुंब न्यूयॉर्कला असतां पंधरा वर्षांच्या रँडीची एका वाद्यांच्या दुकानांत जिमी हेंड्रिक्सशीं गांठ पडली. हेंड्रिक्सला तेव्हां फारसें कोणी ओळखत नव्हतें. त्यानें या पोराला आपल्या साथीला घेतलें, आणि साथीदारांत रँडी नांवाचे दोघे झाल्यामुळें एकाला ‘टेक्सस’ व दुसऱ्याला ‘कॅलिफोर्निया’ म्हणूं लागला. तेंच नांव आमच्या या नायकाला जन्मभर चिकटलें. थोड्याच महिन्यांत हेंड्रिक्स इंग्लंडला जाऊन कीर्तीच्या शिखरावर पोचला. रँडी लॉस एंजेलिसला परतला.

तेथें १९६७ सालीं मंडळी जमली. गायक व गीतकार जे फर्ग्युसन, बास-गिटारवर मार्क अँडीस, पियानो आणि इतर पट्टीवाद्यांवर जॉन लॉक, गिटारवर रँडी, आणि ड्रमवर त्याचा सावत्र बाप. खलील जिब्रानच्या एका पुस्तकावरून त्यांनीं ‘स्पिरिट्स रिबेलियस’ असें लांबलचक नांव घेतलें आणि लौकरच त्यांतील बंडखोरी गाळून नुसतें ‘स्पिरिट’ ठेवलें. (खांडेकरांच्या अनुवादांमुळें जिब्रान आपल्याकडील वाचकांना परका नाहीं.) तिशी उलटलेल्या कोणावरही विश्वास ठेवूं नका, अशी घोषणा ज्या काळीं अमेरिकन तरुणांच्या तोंडीं होती, त्या काळीं सोळा वर्षांचा मुलगा आणि चव्वेचाळीस वर्षांचा, डोक्याचा गुळगुळीत गोटा केलेला बाप एका रंगमंचावर शेजारीं शेजारीं बसून वाजवीत होते. रॉक संगीत म्हणजे बापाविरुद्ध मुलाचें बंड, ही व्याख्या या मंडळीपुरती तरी लागू पडत नव्हती. विक्रेत्यांची पहिली पंचाईत येथूनच सुरू होते.

लू अ‍ॅडलर या चतुर गृहस्थानें त्यांना आपल्या ‘ओड’ कंपनींत घेतलें. १९६७ च्या जूनमध्यें माँटेरे येथें जो प्रसिद्ध संगीतोत्सव भरला आणि ज्यांत पंडित रविशंकरांनीं दुपारची एक सबंध मैफल केली, त्याच्या चालकांपैकीं हा एक. म्हणजे निरनिराळ्या जातींचें संगीत एका मांडवाखालीं आणतां येतें हें त्याला कळत होतें. १९६८ च्या जानेवारींत पहिली तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावर पांचही जणांच्या चेहऱ्यांचे तुकडे जोडून बनविलेला एकच चेहरा आहे: कोणाचे डोळे, कोणाचें नाक, कोणाची हनुवटी. कल्पना हुशारीची आणि खरीही; पण तो चेहरा कोणाचाच नसल्यामुळें लक्षांत राहत नाहीं. लोकप्रियतेला नाक-डोळे एकाच माणसाचे लागतात.

या पहिल्या तबकडींतलें पहिलेंच गाणें पाहा. त्याचा विषय आहे ताजा केरकचरा! फर्ग्युसनच्या या गाण्यांत घरच्या डबड्यांत काय काय सांचलें आहे तें बघा, इतकेंच सांगितलें आहे. आणि तें सांगतां सांगतां गाणें मध्येंच थांबतें आणि लॉकचा विद्युत् पियानो निर्धास्तपणें जाझच्या वळणानें चालूं लागतो. पुन्हा ठोका पडतो आणि केरकचरा परत येतो. सगळें मिळून तीन-सव्वातीन मिनिटें. दोन जातींचे सांधे येथें दिसत नाहींत, याचें श्रेय आम्ही कॅसिडीला देतों. झांजेवर त्याचा हात हलका पडतो. रॉकच्या ठोक्यांतही तो जागा मोकळी सोडतो, आणि त्या मोकळ्या जागेंतून जाझ सहज आंत शिरतो. त्या काळचे बहुतेक ड्रमवादक मोकळी जागा दिसली कीं ती भरून टाकीत. ‘स्पिरिट’चा स्वतःचा सूर कोणता, असें विचारणारानें हा संयम ऐकावा. गाण्याची जात बदलते. नादाचें माप बदलत नाहीं. ‘टॉरस’ ऐकतांनाही ध्यानांत येतें तें हेंच. अडीच मिनिटांची ती लहानशी रचना; मार्टी पेच यानें बसविलेल्या तंतुवाद्यांचें धुकें आधीं पसरतें, आणि त्यांतून गिटार अगदीं हळू, जणूं कोणी झोपलेलें असावें अशा बेतानें उतरत येते. कोर्टाच्या कागदावर हें धुकें नव्हतें.

ही तबकडी ‘बिलबोर्ड’च्या यादींत ३१ व्या जागेपर्यंत चढली आणि महिनेच्या महिने यादींत राहिली. याचें एक कारण रेडिओ. त्या दशकांत अमेरिकेच्या सरकारी मंडळानें नियम केला कीं मोठ्या शहरांतील एफ्. एम्. केंद्रांनीं जुन्या ए. एम्. केंद्रांचाच कार्यक्रम जसाच्या तसा लावूं नये. रिकामे तास भरण्यासाठीं मग तरुण निवेदकांना मनास येईल तें लावण्याची मुभा मिळाली, आणि दहा मिनिटांचें गाणेंही हवेवर जाऊं लागलें. ‘स्पिरिट’सारख्यांना तो सुकाळ होता. परंतु खरा खप अजूनही ए. एम्. वरच्या छोट्या तबकडीनें ठरत असे, आणि छोट्या तबकडीसाठीं कंपनीनें निवडलें काय, तर ‘मेकॅनिकल वर्ल्ड’ हें पांच मिनिटांचें, संथ, काळोखें गाणें. आम्हांला तें आवडतें. पण मोटारींतून कामावर निघालेल्या माणसानें सकाळीं तें ऐकून दुकान गांठावें, ही अपेक्षा धाडसाचीच म्हटली पाहिजे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दुसरी तबकडी आली, आणि तिच्यांतल्या रँडीच्या ‘आय गॉट अ लाइन ऑन यू’ या गाण्यानें १९६९ च्या आरंभीं २५ वी जागा मिळविली. सरळ, तडफदार, पहिल्या सुरालाच पाय थरकविणारें गाणें. आतां नशीब उघडलें असें सर्वांना वाटलें असेल. परंतु हें गाणें ऐकून ज्यानें मोठी तबकडी विकत घेतली, त्याला तें गाणें संपतांच दुसरें लागत होतें तें मऊ, स्वप्नाळू, तंतुवाद्यांनीं भिजलेलें. तो चमकला असल्यास त्याला दोष देववत नाहीं. सारी तबकडी २२ व्या जागेपर्यंत गेली. यापुढें ती उंची या मंडळीला कधींच गांठतां आली नाहीं.

याच सुमाराची एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. २६ डिसेंबर १९६८ या दिवशीं डेन्व्हर येथें ‘लेड झेपलिन’चा अमेरिकेंतील पहिला जलसा झाला, आणि त्यांना वाजवायचें होतें तें ‘स्पिरिट’ व ‘व्हॅनिला फज’ यांच्या आधीं, म्हणजे पाहुणे यायच्या आधीं सतरंजी घालणाऱ्याच्या जागीं. प्रारंभींच्या जलशांत ते केरकचऱ्याच्या त्या गाण्याची धूनही आपल्या वादनांत गुंफीत असत. दोन वर्षांत जागा अदलाबदल झाल्या. ‘लेड झेपलिन’च्या गुणांविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं, वैविध्यही त्यांच्याकडे थोडें नव्हतें. पण त्यांनीं आधीं एक प्रचंड नाद जगाच्या कानांत भरविला आणि मग त्या नादाच्या छत्राखालीं हवें तें केलें. बीटल्सनींही तसेंच केलें. प्रथम चार हंसरे चेहरे, मग सतार आणि तंतुवाद्यें. कीर्ति मिळाल्यावर वैविध्याला प्रतिभा म्हणतात. कीर्ति मिळण्यापूर्वीं त्यालाच गोंधळ म्हणतात. ‘स्पिरिट’नें गोंधळापासून सुरुवात केली, एवढाच त्यांचा अव्यवहारीपणा.

तथापि त्यांची सारीच बाजू घेण्याची आमची इच्छा नाहीं. १९६९ सालची तिसरी तबकडी, ‘क्लिअर’, आम्हांला घाईंत उरकलेली वाटते. त्याच सुमारास फ्रेंच दिग्दर्शक झाक देमी यानें लॉस एंजेलिसमध्यें काढलेल्या ‘मॉडेल शॉप’ या चित्रपटाचें संगीत त्यांनीं केलें. चित्रपटांत ते स्वतः दिसतातही. चित्रपटाला शोभेल असें पार्श्वसंगीत आणि पुरीं न झालेलीं गाणीं यांचें ‘क्लिअर’मध्यें कडबोळें झालें आहे. येथें आक्षेपकांचें म्हणणें मान्य करावें लागतें. वैविध्य आहे, पण सांधे उघडे पडलेले आहेत. ती तबकडी ५५ व्या जागेवर अडली, त्यांत बाजाराची चूक नव्हती. याच सुमारास निघालेलें ‘१९८४’ हें ऑर्वेलच्या कादंबरीवरून सुचलेलें गाणें मात्र कसदार आहे; तें ६९ वर जाऊन थबकलें. त्यांतच ‘ओड’ कंपनीचें वितरण कोलंबियाकडून ‘ए अँड एम’कडे गेलें आणि ‘स्पिरिट’ कोलंबियाच्याच ‘एपिक’ या शाखेच्या पदरांत पडलें. मूल दत्तक दिलें म्हणजे नव्या घरीं त्याच्या आवडीनिवडी कोण विचारतो?

या पडत्या काळांत त्यांनीं आपली सर्वोत्तम कृति निर्माण केली. ‘ट्वेल्व्ह ड्रीम्स ऑफ डॉक्टर सार्डोनिकस’ ही १९७० च्या नोव्हेंबरची. नील यंगचा ध्वनिमुद्रणकार डेव्हिड ब्रिग्ज हा तिचा सूत्रधार. बारा गाणीं, म्हणजे बारा स्वप्नें. आणि स्वप्नांप्रमाणेंच एकांतून दुसऱ्यांत आपण केव्हां गेलों हें कळत नाहीं. ‘क्लिअर’मध्यें उघडे पडलेले सांधे येथें इतके सफाईनें बुजविले आहेत कीं सांधणें हीच या तबकडीची कला झाली आहे. ‘नेचर्स वे’ घ्या. हें पहिल्या वसुंधरा-दिनाचें वर्ष. निसर्गाच्या नाशावर बोलणें तेव्हां नुकतें सुरू झालें होतें. रँडीनें या विषयावर उपदेशाचें गाणें लिहिलें नाहीं. साध्या गिटारीवर एक शंकित आवाज, त्यावर दुसरे आवाज चढत जातात, आणि दुरून मेघगर्जनेसारखा ड्रम. सूचना दिली जाते आणि गाणें संपतें. काय करावें हें सांगत बसत नाहीं. आज पन्नास वर्षांनंतरही तें शिळें झालें नाहीं, याचें कारण हा अपुरेपणाच असावा.

त्यानंतर एकदम ‘अ‍ॅनिमल झू’मधली थट्टा. ‘लव्ह हॅज फाउंड अ वे’मध्यें फीत उलटी फिरवून काढलेले नाद, ‘मिस्टर स्किन’मध्यें पितळी वाद्यांचा झणझणीत ठसका, आणि त्याचा विषय म्हणजे आमचे तुळतुळीत डोक्याचे कॅसिडी! घरांतल्या वडील माणसाची इतकी प्रेमळ चेष्टा रॉक संगीतांत आम्हीं दुसरीकडे ऐकलेली नाहीं. दुसरी बाजू उघडते ती ‘स्पेस चाइल्ड’ या लॉकच्या वाद्यरचनेनें. पियानोच्या शेजारीं त्या वेळीं अगदीं नवें असलेलें मूग नांवाचें विद्युत् वाद्य. त्या काळीं हें यंत्र हातीं लागलें कीं वादक त्याच्याकडून शिट्ट्या आणि किंकाळ्या काढवीत. लॉक त्याला पियानोशीं हलक्या आवाजांत बोलायला लावतो. शेवटचें ‘सोल्जर’ तर देवळांतल्या प्रार्थनेसारखें संथ. हें सर्व एकाच मंडळीचें आहे हें कानाला पटतें तें कशानें? पुन्हा त्याच संयमानें. रँडीच्या गिटारीचा लांब धरलेला, कांठावर किंचित् थरथरणारा सूर आणि कॅसिडीनें सोडलेली मोकळी जागा, या दोन खांबांवर बाराही स्वप्नें टांगलेलीं आहेत.

ही तबकडी ६३ व्या जागेपलीकडे गेली नाहीं. चौघांत सर्वांत सरस कृति, आणि यादींतली जागा सर्वांत खालची. मग ती दुकानांतून सावकाश विकली जाऊं लागली. एकानें दुसऱ्याला ऐकवावी, दुसऱ्यानें तिसऱ्यासाठीं विकत घ्यावी, अशा रीतीनें १९७६ सालीं तिला सुवर्ण-तबकडीचा मान मिळाला. तोंवर मूळ मंडळी केव्हांच पांगली होती. फर्ग्युसन आणि अँडीस हे १९७१ सालीं बाहेर पडून त्यांनीं ‘जो जो गन’ नांवाचा मेळा काढला. सरळसोट रॉक, पहिल्याच दमांत एक गाणें पहिल्या तिसांत. पुढें फर्ग्युसनचें एकट्याचें ‘थंडर आयलंड’ १९७८ सालीं ९ व्या जागेवर गेलें, आणि कांहीं वर्षांनीं त्यानेंच रचलेली ‘द ऑफिस’ या अमेरिकन दूरदर्शनमालिकेची धून घरोघर पोचली. अँडीस ‘फायरफॉल’ व ‘हार्ट’ या खपाऊ मेळ्यांत वाजवीत राहिला. म्हणजे एकेकटे विकले जाण्यांत या मंडळींना अडचण नव्हती. अडचण होती ती पांच जण एका खोलींत आल्यावर जें होई त्याची.

रँडी आणि कॅसिडी यांनीं मात्र नांव सोडलें नाहीं. १९७५ सालच्या ‘स्पिरिट ऑफ सेव्हंटीसिक्स’ या जोड-तबकडींत स्वतःचीं गाणीं आणि डिलनसारख्या इतरांचीं जुनीं गाणीं हातांत हात घालून फिरतात. ती पसरट आहे, पण तिच्यांत जीव आहे. ‘पोटॅटो लँड’ नांवाची एक विनोदी, नाट्यमय तबकडी कंपनीनें १९७३ च्या सुमारास नाकारली होती. ती १९८१ सालीं उजेडांत आली. त्या विनोदाची गोडी आम्हांला फारशी लागली नाहीं हें सांगितलें पाहिजे. कॉलेजच्या गॅदरिंगमधील नाटुकल्याप्रमाणें करणारे हंसतात आणि पाहणारे त्यांच्याकडे पाहतात. पण बापलेक मिळून दरवर्षीं कोठें ना कोठें, लहानमोठ्या जागीं वाजवीत होते. १९९७ च्या जानेवारीच्या २ तारखेस हवाई बेटांतील मोलोकाई येथें समुद्राच्या ओढींत सांपडलेल्या आपल्या बारा वर्षांच्या मुलाला रँडीनें किनाऱ्याकडे लोटलें आणि तो स्वतः बुडाला. मुलगा वांचला. रँडी पंचेचाळीस वर्षांचा होता. कॅसिडी त्याच्यामागें पंधरा वर्षें जगून २०१२ सालीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं वारला.

ज्या वाचकांना या मंडळीचा परिचय करून घ्यावयाचा असेल त्यांनीं ‘टॉरस’पासून आरंभ करूं नये. खटल्याचें वारें लागल्यामुळें कान आपोआप ‘स्टेअरवे टु हेवन’ शोधूं लागतो आणि त्या लहान रचनेला स्वतःचें असें कांहीं बोलूं देत नाहीं. ‘ट्वेल्व्ह ड्रीम्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्यें न थांबतां, रात्रीं घर निजल्यावर ऐकावी. आवाज फार मोठा करण्याची गरज नाहीं. मग पहिली तबकडी, तिच्यांतलें शेवटचें दहा मिनिटांचें ‘एलायजा’ वगळूं नये. तेथें लॉकच्या रचनेवर पांचही जण आळीपाळीनें पुढें येतात, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या त्या ड्रमवादकाची पाळी आली म्हणजे बाकीचे चौघे वाद्यें खालीं ठेवून गप्प राहतात.